स्क्रीन, खेळ आणि प्रसाद : गीता २.६४



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ६४.

सोप्या शब्दांत भावार्थ : ज्याचं मन त्याचं ऐकतं, असा माणूस राग-द्वेषातून सुटलेली आणि स्वतःच्या ताब्यात असलेली इंद्रियं घेऊन विषयांमध्ये वावरतो, आणि त्याला प्रसाद मिळतो. प्रसाद म्हणजे इथे प्रसन्नता, निवळलेलं चित्त.

काल आपण ६२ आणि ६३ हे दोन श्लोक पाहिले. एखाद्या गोष्टीचा सारखा विचार केला की ओढ लागते, ओढीतून हवंसं वाटणं, ते मिळालं नाही की संताप, संतापातून भ्रम, मग आठवण जाते, मग बुद्धी जाते आणि शेवटी माणूसच जातो. घसरगुंडीच ती. हे दोन श्लोक प्रवचनात नेहमी येतात आणि तरुण मुलांसमोर तर हमखास येतात. मग वक्ते मोबाईलकडे बोट दाखवतात, मुलं मान खाली घालतात आणि प्रवचन संपतं.

पण भगवंत तिथे थांबलेले नाहीत. लगेच पुढच्या श्लोकात ते "परंतु" म्हणतात. आज आपल्याला या "परंतु"पाशी थोडं बसायचं आहे, कारण माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट तिथेच आहे.

आपल्यासारखे म्हणजे कोण, तर मी माझ्यापासूनच सांगतो. मला गॅजेट्स मनापासून आवडतात. हे लिहितोय तो कीबोर्ड मेकॅनिकल आहे, ब्राऊन स्विचेसचा. बोट दाबलं की मध्येच एक हलकासा अडथळा लागतो आणि मग कळ खाली जाते, त्या एवढ्याशा स्पर्शाचं मला रोज अप्रूप वाटतं. टेबलावरचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. म्हणजे साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, तर इथे सातच्या आत नवीन चित्र येतं. डोळ्यांना तो फरक कळतो आणि भारी वाटतं! जुने, पिवळे पडलेले गेमिंग कन्सोल उघडून, धुऊन, सोल्डर करून पुन्हा चालू करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मी जेवताना बघतो. आणि शनिवारी रात्री साडेनऊला आमची इंजिनिअरिंगची चौकडी ऑनलाइन भेटते. एक पिंपरीत, एक नाशकात, एक जर्मनीत, एक मी. बीजीएमआयच्या दोन मॅच. शंभर जण एकाच नकाशावर उतरतात, अर्ध्या तासात एकच टीम उरते, आणि ती बहुतेक वेळा आमची नसते. त्यात जेवढा खेळ असतो, तेवढ्याच गप्पा असतात.

तर प्रश्न असा की हे सगळं घेऊन गीतेसमोर बसता येतं का? की आधी हे दाराबाहेर चपलांसारखं काढून यायचं?

आधी "विषय" हा शब्द नीट समजून घेऊ. मराठीत "विषयासक्त" म्हटलं की आपल्या कानाला काहीतरी वाईट ऐकू येतं. पण शास्त्रात विषय म्हणजे इंद्रियांना जे जे मिळतं ते. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध. कीबोर्डचा खट् आवाज हा विषय, पडद्यावरचं रूप हा विषय. तसं पाहिलं तर देवळातली घंटा, बुक्क्याचा वास आणि विठ्ठलाचं सावळं रूप हेही इंद्रियांना विषयच आहेत. श्लोकात भगवंत विषय टाका म्हणत नाहीत. ते वावरण्याबद्दल बोलतात. जंगलात पळून गेलेल्या माणसाचं हे वर्णन नाही, बाजारातून चालत जाणाऱ्याचं आहे.

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकावर सूर्याचा दृष्टान्त देतात. सूर्य आकाशात राहतो, किरणांच्या हातांनी साऱ्या जगाला स्पर्श करतो, पण जगातली कुठलीच घाण त्याला चिकटत नाही. माऊलींनी सूर्याला डोळे मिटून घ्यायला सांगितलेलं नाही, हे लक्षात घ्या.

आणि आपल्या परंपरेला तर खेळाचं कधीच वावडं नव्हतं. यमुनेकाठी चेंडू खेळणारा आपला देव. वारीत साठी ओलांडलेल्या आज्या पदर खोचून फुगडी घालतात, रिंगणात अश्व धावतो, विणेकरी धावतात, हंडा-तुळस डोक्यावर घेतलेल्या माऊल्या धावतात. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रातली परंपरा तो खेळ ज्ञानेश्वर माऊलींच्या नावाशी जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि वर पोचलात की मोक्ष. आजच्या भाषेत सांगायचं तर पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून परमार्थाचा गेमच करून ठेवला. आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये "राजी" नावाचा गेम काढला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी उभी असलेली दुर्गा, वाटेतल्या भिंतींवर देवांच्या कथा सांगणारी चित्रं. तो खेळताना मी एका भिंतीसमोर कितीतरी वेळ नुसता उभा होतो, शत्रू वगैरे विसरून.

तेव्हा "गेम खेळतोस म्हणजे तुझी भक्ती कच्ची" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. पण तेवढ्यावर सुटकाही नाही. कारण श्लोकात वावरण्याला एक अट जोडलेली आहे. राग-द्वेषातून सुटलेल्या इंद्रियांनी वावरायचं आहे.

इथे मराठी माणसाची एक गंमत होते. आपण "राग" वाचतो आणि आपल्याला वाटतं चिडणं. मॅच हरल्यावर कंट्रोलर आपटू नये, एवढाच अर्थ आपण घेतो. (तेही करू नये, कंट्रोलर महाग असतात.) पण संस्कृतातला राग हा रंग या शब्दाचा भाऊ आहे. रंगून जाणं, रंग चढणं, चिकटणं. आणि द्वेष म्हणजे त्याच्या उलट, नकोसं वाटणं, तोंड फिरवणं. तिसऱ्या अध्यायाच्या ३४ व्या श्लोकात भगवंत म्हणतात की प्रत्येक इंद्रियाच्या प्रत्येक विषयात हे दोघं आधीच जाऊन बसलेले आहेत, आणि ते वाटेवर लुटणारे आहेत. शब्द लक्षात घ्या. वाट वाईट नाही. वाटेवर दबा धरून बसलेले वाटमारे वाईट आहेत.

आधी पहिला वाटमारा, राग.

आज हा वाटमारा पूर्वीपेक्षा जास्त हुशार झालाय, कारण त्याला चांगल्या पगारावर नोकरी मिळाली आहे. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आठवा. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, बत्तीस टप्पे झाले की गेम संपला. यूट्यूबवरचा अगदी पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, फक्त १९ सेकंदांचा आहे. एक मुलगा प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून हत्तींच्या सोंडेबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि संपतो. त्या गोष्टींना शेवट होता. शेवट आला की माणूस आपोआप मान वर करतो, पाणी पितो, घड्याळ बघतो.

२००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने पान न संपता खाली खालीच सरकत राहील अशी रचना केली. पुढे त्यानेच जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. त्याआधी कितीतरी वर्षं, १९५७ मध्ये, फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या, मुख्यतः कबुतरांवरच्या प्रयोगांचं एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. कबुतराने कळ टोचली की दाणा मिळणार. पण दाणा नेमका कितव्या टोचीला मिळेल हे ठरलेलं नसेल, तर कबुतर न थांबता टोचत राहतं. आता अंगठ्याने पडदा वर ढकलताना स्वतःकडे बघा. एक रील टुकार, दुसरी टुकार, तिसरी भन्नाट, मग परत चार टुकार. आपण त्या भन्नाटसाठी टोचत असतो. गेममधल्या पेट्या, ज्यात काय निघेल ते माहीत नसतं, त्याही याच हिशोबाने केलेल्या असतात.

हे कळलं म्हणजे लगेच सुटका होते असं नाही. पण एक गोष्ट होते. "माझ्यातच काहीतरी खोट आहे" ही कुढणारी भावना जरा कमी होते. वाटमारा ओळखता आला की निदान पाकीट कुठल्या खिशात ठेवायचं ते कळतं.

या रागाची महाभारतातली सगळ्यात भीषण गोष्ट म्हणजे द्यूत. समोर कोण बसलंय? धर्मराज. शास्त्र जाणणारा, खोटं न बोलणारा. पण पटावरून उठता येईना. आधी धन गेलं, मग भाऊ, मग तो स्वतः, मग द्रौपदी. एवढं होऊन धृतराष्ट्राने सगळं परत दिलं, तरी बोलावणं आल्यावर तो दुसऱ्यांदा येऊन बसला! ही दुसरी बैठक मला पहिलीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. ज्ञान कमी होतं म्हणून ते घडलं असं म्हणता येत नाही. म्हणून पैसे लावून खेळायच्या ॲप्सबद्दल माझं मत सरळ आहे, नकोच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या देशात त्यांवर बंदी घालणारा कायदा झाला, ते उत्तम झालं. पण कायदा नसता तरी सभापर्व होतंच की.

आता दुसरा वाटमारा, द्वेष. याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि आज खरं मला याच्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्याकडे गुरुवारी भजन असतं. भजन झाल्यावर सतरंज्या गोळा करताना एक मुलगा जवळ आला. तेवीस वर्षांचा, नोकरी करतो. (त्याला विचारून, त्याच्या परवानगीनेच लिहितोय.) म्हणाला, "दादा, पीसी विकून टाकू का? आई रोज म्हणते, त्या डब्याने तुझं वाटोळं केलंय. आणि नामाला बसलो की खरंच मन लागत नाही."

मी विचारलं, "काय खेळतोस?"

त्याने एका गेमचं नाव सांगितलं आणि त्याचा चेहराच उजळला. ग्राफिक्स, कथा, संगीत, पाच मिनिटं तो थांबलाच नाही. मीही तो गेम खेळलोय, त्यामुळे आमची सतरंजी तशीच हातात राहिली.

मग विचारलं, "बंद किती वाजता करतोस?"

"तीन. कधी साडेतीन."

"तीन वाजतासुद्धा एवढीच मजा येत असते?"

तो गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, "नाही. बारापर्यंत येते. त्यानंतर नाही येत."

"मग बारा ते तीन काय करतोस?"

"खेळतच असतो. किंवा व्हिडिओ. पण हेडफोन काढले ना दादा, की घर फार शांत होतं."

त्याचे वडील मागच्या वर्षी गेले. ते रात्री हॉलमध्ये मोठ्या आवाजात बातम्या लावून बसायचे. हा खोलीतून ओरडायचा, "बाबा, आवाज कमी करा!" आता आवाज कमी झाला होता. आई गोळी घेऊन दहाला झोपते. बाराच्या पुढे त्या घरात एकच जागा अशी होती जिथे ती शांतता ऐकू येत नव्हती, ती म्हणजे हेडफोनच्या आत.

आता सांगा, यात गेमची ओढ किती आहे? बारापर्यंत ती आहे, आणि त्यात फार काही बिघडलेलं नाही. बारानंतर तो गेमकडे जात नव्हता, हॉलपासून पळत होता. हा द्वेष. नकोशा गोष्टीकडे पाठ फिरवण्यासाठी हातात धरलेली गोष्ट. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पडद्यासमोर बसलेला मुलगा. आईलाही तेच दिसत होतं. म्हणून ती म्हणत होती, डबा विक.

हे फक्त त्याचंच आहे असं समजू नका. चाळिसावा शॉर्ट आपण बघतो तो काय त्यातल्या माणसाच्या पदार्थाच्या पाककृतीत आपल्याला रस असतो म्हणून? उद्याचा सोमवार नको असतो. सिंकमधली भांडी नको असतात. बायकोशी किंवा रूममेटशी अर्धवट राहिलेलं बोलणं नको असतं. एखादा फोन करायचा असतो आणि तो करवत नसतो. त्या नकोशा गोष्टीवर आपण फोन पालथा घालतो, जसं दुधावर झाकण घालावं तसं. आत दूध नासतच असतं.

मग पीसी विकल्याने काय झालं असतं? गीतेने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय, याच अध्यायात, ५९ व्या श्लोकात. उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर जातात, पण त्यांची गोडी आत तशीच राहते. आपल्याकडे म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी. शनिवार-रविवार फोन बंद ठेवून सोमवारी अधाशासारखं सगळं बघणारे लोक मी पाहिलेत. आणि तिसऱ्या अध्यायात भगवंत आणखी कडक बोलतात. हात-पाय आवरून बसलाय पण मनाने तेच चघळतोय, तो ढोंगी. त्या मुलाने पीसी विकला असता तर शांतता तिथेच राहिली असती, फक्त लपायची जागा बदलली असती.

मी त्याला म्हटलं, "विकू नकोस. बारापर्यंत खेळ, मजेत खेळ. बारा वाजले की हेडफोन काढ आणि हॉलमध्ये जाऊन दहा मिनिटं बस. बाबांच्या फोटोपाशी निरांजन लाव. नाम आलं तर घे. रडू आलं तर रड. दहा मिनिटं झाली की झोप."

तो म्हणाला, "दादा, यापेक्षा पीसी विकणं सोपं आहे."

खरंच आहे ते. यंत्र विकणं सोपं असतं.

पुढच्या गुरुवारी आला तेव्हा त्याने सांगितलं, पहिले दोन दिवस तीन-चार मिनिटांवर बसवलं नाही, उठून खोलीत गेला. तिसऱ्या रात्री बसला असताना आई उठून आली. काही न बोलता शेजारी बसली. मग म्हणाली, "तुझे बाबा इथेच बसून झोपी जायचे, आणि टीव्ही बंद केला की जागे व्हायचे." दोघं हसले, मग दोघं रडले. वर्षभरात बाबांबद्दल ती दोघं पहिल्यांदा बोलत होती. एकाच घरात राहून.

पीसी अजून आहे. त्याच्या सगळ्या रात्री एकदम सुधारल्या असं मी सांगणार नाही, आठवड्यात एखादी रात्र अजून तीनपर्यंत जाते. पण आता त्याला बारा वाजलेले कळतात, आणि बारानंतर आपण खेळतोय की लपतोय हेही कळतं. (आणि हो, दुःख फार खोल असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे जरूर जा. देवावर श्रद्धा आहे म्हणून औषध घ्यायचं नाही, असं कुठल्याही संताने सांगितलेलं नाही.)

आता श्लोकातला शेवटचा शब्द, प्रसाद.

टीकाकार त्याचा अर्थ चित्ताची प्रसन्नता असा करतात आणि तोच बरोबर आहे. पण आपण मराठी माणसं. प्रसाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्रोणातला शिरा येतो! आणि मला वाटतं त्या शिऱ्याकडून हा श्लोक छान समजतो.

सत्यनारायणाचा शिरा बघा. रवा, तूप, साखर, दूध, केळं. सव्वाच्या मापाने. अगदी तेच साहित्य घेऊन मंगळवारी नाश्त्याला शिरा करा, चांगला होतो, पण तसा होत नाही. प्रत्येक घरात कोणीतरी हे म्हणतंच. पदार्थ तोच आहे, मग फरक कशात पडला? आधी तो देवासमोर ठेवला गेला. मग तो सगळ्यांना वाटला गेला, शेजारच्या काकूंपासून वॉचमनपर्यंत. आणि घेताना आपण उजवा हात पुढे केला, डावा त्याखाली धरला, मिळेल तेवढा घेतला. पातेलं ओढून बसलो नाही. खाऊन झालं, हात डोक्यावरून फिरवला आणि उठलो.

आनंद घ्यायची ही रीत आपल्याला लहानपणापासून येते. फक्त ती आपण शिऱ्यापुरती ठेवली आहे. शनिवारची मॅच, नवा हेडफोन, एखादा सुरेख व्हिडिओ या गोष्टीही अशाच घेता येतील का, एवढंच बघायचं आहे. सहाव्या अध्यायाच्या १७ व्या श्लोकात भगवंत आहाराच्या बरोबरीने विहारही मोजतात. दोन्ही बेताचे असावेत, झोप आणि जागरणही बेताचं असावं, मग योग दुःख घालवतो. विहाराला त्यांनी यादीतून काढलेलं नाही.

मी स्वतः पाळतो अशा चार साध्या गोष्टी सांगतो. नियम म्हणून घेऊ नका, जमतील त्या घ्या.

पहिली, बसायच्या आधी किती ते ठरवायचं. दोन मॅच म्हणजे दोन. ॲप शेवट देत नसेल तर शेवट आपण घेऊन बसायचं. मी ऑटोप्ले बंद ठेवलाय, म्हणजे व्हिडिओ संपला की तो खरंच संपतो. श्लोकात मनाबद्दल "विधेय" असा शब्द आहे, म्हणजे सांगितलेलं ऐकणारं. पण ऐकायला आधी काही सांगितलेलं तर हवं ना!

दुसरी, फोन उचलताना एकच प्रश्न. मला हे हवंय, की दुसरं काहीतरी नकोय? हवं असेल तर मजेत बघा. नको असेल तर ते नकोसं काय आहे त्याचं नाव मनात घ्या. पुष्कळदा ते दहा मिनिटांचं काम निघतं.

तिसरी, वाटून घ्यायचं. माझी आई आता माझ्याबरोबर ते जुने कन्सोल दुरुस्त करायचे व्हिडिओ बघते. तिला त्यातलं सोल्डरिंग कळत नाही, पण घाण झालेली वस्तू लखलखीत झाली की ती "बघ कसं निघालं!" म्हणते. एकट्याने दार लावून चाललेला आनंद लवकर आंबतो, हा माझा अनुभव. आणि जे कोणासमोरच बघता येणार नाही, ते देवासमोर तरी कसं ठेवणार?

चौथी, उठल्यावर एक मिनिट नाम. खेळ संपला की लगेच दुसऱ्या ॲपवर उडी मारायची नाही. स्क्रीन बंद, डोळे मिटलेले, एक मिनिट राम कृष्ण हरी. मन अजून मॅचमध्येच असतं, ते धावेल. सहाव्या अध्यायात सांगितलंय तसं, जिथून जिथून पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं. या एका मिनिटात कळतं की आपण काय घेऊन उठलोय. हलकं वाटत असेल तर तो प्रसाद होता. डोळे चुरचुरत असतील, कोणावर तरी चिडावंसं वाटत असेल, आतून पोकळ वाटत असेल, तर पुढच्या वेळी बेत बदलायचा. स्वतःला शिव्या देत बसायचं नाही.

पुढच्याच, ६५ व्या श्लोकात भगवंत सांगतात की असा प्रसाद मिळाला की सगळी दुःखं ओसरतात आणि बुद्धी लवकर स्थिर होते. उद्या आपण त्याच श्लोकावर बोलू.

आजचा संकल्प : आज रात्री शेवटची स्क्रीन बंद केल्यावर लगेच झोपायचं नाही. पाच मिनिटं घरातल्या त्या जागी बसायचं, जिथे बसणं आपण टाळतो. गॅलरी असेल, देवघर असेल, बाबांची खुर्ची असेल. घरात कोणी जागं असेल तर त्यांच्याजवळ बसायचं.

प्रार्थना : पांडुरंगा, ही हातातली यंत्रं तूच दिलेल्या बुद्धीने झाली आहेत. त्यांच्यात रमताना आम्हाला तुझी आठवण राहू दे. जे गोड आहे ते वाटून खायची बुद्धी दे. आणि ज्या शांततेला आम्ही घाबरतो, तिथे तूच विटेवर उभा आहेस, हे एकदा कळू दे.

राम कृष्ण हरी!